नागपूरहून थंड आणि गोठवलेला खाद्यमाल विमानाने परदेशी पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही फॉरवर्डर, म्हणजे तुमचा माल परदेशी पोहोचवायची व्यवस्था करणारे. आमच्याकडे फोन करणारे तीन तऱ्हेचे असतात. बुटीबोरी-हिंगण्याचे प्रक्रिया उद्योगवाले, काटोल-नरखेड-वरूडकडच्या शेतकरी कंपन्या, आणि मुलगा-मुलगी परदेशात असलेले आईवडील. तिघांनाही पहिली काळजी विमानाची असते. आमच्या मते काळजी करायची ती विमान सोडून बाकी सगळ्याची. माल हवेत असताना क्वचितच बिघडतो, जमिनीवर ताटकळताना बिघडतो. खालची बहुतेक उत्तरं फिरून त्याच मुद्द्यावर येतात, त्याला इलाज नाही.

थंड माल आणि गोठवलेला माल, फरक एवढा महत्त्वाचा का?

कारण दोघांचं पॅकिंग, कागद आणि भाडं सगळंच वेगळं होतं. गोठवलेला म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली. आंतरराष्ट्रीय व्यापारात हाच आकडा धरतात. थंड म्हणजे ढोबळमानाने शून्य ते पाच अंश: ताजं मांस, मासे, पनीर, तयार जेवण.

फळं मात्र या चौकटीत बसत नाहीत. आंबा आणि केळी बारा-तेरा अंशांच्या खाली फार वेळ ठेवली की साल काळवंडते आणि आंबा नंतर धड पिकत नाही. संत्र्याला सहा-सात अंश मानवतात. त्यामुळे 'चार डिग्रीला ठेवा' हा सरसकट हुकूम ट्रकवाल्याला देऊ नका. बुकिंगच्या वेळी मालाचं नाव आणि तापमान दोन्ही लिहून द्या.

विमानात फ्रीज असतो ना?

नसतो. पोटातल्या सामानकक्षात हवेचा दाब असतो आणि काही मोठ्या विमानांत त्या कक्षाचं तापमान काही मर्यादेत ठरवता येतं, पण उणे १८ अंशांचा प्रश्नच येत नाही. 'वर आकाशात बाहेर उणे पन्नास असतं, मग माल आपोआप गोठलेला राहील' असंही पुष्कळ जण म्हणतात. बाहेरचं तापमान बाहेर राहतं, आतल्या मालाला त्याचा उपयोग नाही.

बॅटरीवर किंवा ड्राय आइस-पंख्यावर चालणारे खास कंटेनर मिळतात, ते स्वतः तापमान राखतात. ते मुख्यतः औषधांसाठी वापरतात, कारण त्यांचं भाडं औषधालाच परवडतं. खाद्यमालासाठी उरतो तो जुनाच मार्ग: माल आधीच पक्का थंड करा, चांगल्या डब्यात भरा, वरून उष्णतारोधक ब्लँकेट घाला आणि वेळ वाचवा.

'आधीच पक्का थंड करा' हे शब्द घाईत वाचून सोडू नका. थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक (गार केलेल्या जेलच्या पिशव्या) मालाला थंड ठेवतात, थंड करत नाहीत. शेतावरून आलेलं तीस अंशांचं फळ थेट डब्यात भरलं तर डबा ती उष्णताच जपून ठेवतो. आधी प्रीकूलिंग, मग पॅकिंग.

मग माल नेमका बिघडतो कुठे?

एका खोक्याचा प्रवास बघू. कारखान्याच्या शीतगृहातून ते रीफर, म्हणजे थंडी राखणाऱ्या, ट्रकमध्ये चढतं. लोडिंग डॉकला पडदा नसेल आणि मजूर चहाला गेले असतील, तर पहिली गळती इथे. ट्रक विमानतळाच्या कार्गो शेडला लागतो. कागद पुढे-मागे झाले की दार उघडं, इंजिन बंद, माल तसाच. शेडमध्ये वजन, मोजमाप, लेबलांची तपासणी आणि एक्स-रे होतो. गोठवलेल्या मालाचं खोकं दाट असतं. पडद्यावर आतलं नीट दिसलं नाही तर दुसऱ्या पद्धतीने तपासतात, कधी उघडायलाही लावतात. म्हणून आमचा माणूस टेप, कात्री आणि जादा जेल पॅक घेऊनच जातो.

त्यानंतर येते खरी कसोटीची जागा, एप्रन, म्हणजे विमानं उभी राहतात ते उघडं आवार. विमान लागण्याआधी माल डॉलीवर, म्हणजे चाकांच्या उघड्या गाडीवर, ठेवून तिथे नेतात. आधी प्रवाशांचं सामान उतरतं, मग तुमचा नंबर. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात तर विचारूच नका, आणि डांबर-काँक्रीटच्या लगत हवा त्याहून गरम असते. काळ्या प्लॅस्टिकने गुंडाळलेलं खोकं अशा उन्हात असलं की थर्माकोल असो की आणखी काही, हिशेब चुकतो. ऊन परतवणारं चंदेरी ब्लँकेट इथे कामाला येतं. त्याचे पैसे वाचवू नका.

विमान बदलायचं असेल तर हाच प्रकार आखाती विमानतळावर पुन्हा. तिथल्या मोठ्या कंपन्यांकडे थंड डॉल्या आणि शीतकक्ष असतात, पण ते बुकिंगमध्ये मागावे लागतात, आपोआप मिळत नाहीत.

उन्हाळ्यात शक्यतो रात्रीचं किंवा पहाटेचं उड्डाण घ्या. भाडं किलोमागे थोडं जास्त पडलं तरी चालेल.

नागपूरहूनच थेट पाठवावं की मुंबईला न्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गावाबद्दलचा जिव्हाळा त्यात डोकावतो हे आम्हाला समजतं. मिहानचा कार्गो हब प्रकल्प आला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला, मग माल मुंबईला कायले न्यायचा, असं लोक विचारतात.

उत्तर मालाच्या आकारावर आणि कुठे जायचं आहे त्यावर. नागपूरहून आंतरराष्ट्रीय उड्डाणं आखाताकडची आहेत, तीही मोजकी, आणि वेळापत्रक हंगामागणिक बदलतं. या मार्गांवर बहुधा एकाच मार्गिकेची लहान विमानं असतात. त्यांत मोठे पॅलेट, म्हणजे माल रचायच्या फळ्या, चढत नाहीत. खोकी सुटी, हाताने भरतात. म्हणून एका खोक्याचा आकार आणि वजन दोन्हीला मर्यादा. शिवाय प्रवाशांचं सामान आधी, जागा उरली तर कार्गो. दुबई-शारजा-दोह्याकडे जाणारी, काही शे किलोंची, ताजी खेप असेल तर नागपूर उत्तम: सोनेगावचं विमानतळ गाठायला तासभर, कट-ऑफच्या (माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आधी माल आत, काही तासांत पलीकडे.

युरोप, अमेरिका, पूर्व आशिया किंवा टनावारी माल असेल तर मुंबई. तिथे मोठी विमानं लागतात, नाशवंत मालासाठी स्वतंत्र शीतसुविधा आहे, आणि एक उड्डाण हुकलं तर दुसरं मिळतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. रीफर ट्रक संध्याकाळी निघाला तर सकाळी तिकडे पोहोचतो. पुढचा आमणे ते सहार (मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ) हा तुकडा मात्र वेळेच्या हिशेबात वेगळा धरा, तिथे ट्रॅफिक तुमच्या सोयीने हलत नाही. दक्षिणेकडची जोडणी हवी असेल तर हैदराबाद रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटरवर आहे, तोही पर्याय विचारात घ्या.

नागपूर-मुंबई देशांतर्गत विमानाने पाठवून तिथे जोडायचं, ही कल्पना कागदावर छान दिसते. आम्ही ती टाळायला सांगतो. दोन वेळा चढउतार, दोन वेळा एप्रन, आणि मधे देशांतर्गत शेडमधून आंतरराष्ट्रीय शेडमध्ये माल हलवणं. सलग चालणारा रीफर ट्रक त्यापेक्षा बरा.

गोठवलेला माल विमानाने पाठवावाच का?

बहुतेक वेळा नाही. फॉरवर्डरने असं सांगणं धंद्याला मारक आहे, पण खरं तेच आहे. गोठवलेल्या मटार, भेंडी, पराठ्यांचं आयुष्य महिन्यांत मोजतात. त्यांना समुद्राचा रीफर कंटेनर पुरतो, जेएनपीटी (न्हावा शेवा) बंदरातून, विमानाच्या भाड्याच्या लहानशा हिश्श्यात, आणि तो कंटेनर वाटेभर स्वतः थंडी तयार करत राहतो.

विमानाला अर्थ आहे तो नमुन्यांना, प्रदर्शनासाठीच्या मालाला, ग्राहकाचा साठा अचानक संपला तर, किंवा किलोमागे किंमत इतकी जास्त की भाडं जाणवत नाही तेव्हा. ताज्या मालाचं उलट आहे. हाडासकट ताजं शेळी-मेंढीचं मांस भारतातून आखातात विमानानेच जातं, कारण ग्राहकाला ताजंच हवं असतं.

ड्राय आइस वापरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८.५ अंश. तो वितळत नाही, थेट वायू होतो. एक किलोतून साधारण पाचशे लिटर वायू निघतो. एवढं कळलं की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात.

वायूला बाहेर पडायला वाट हवी. हवाबंद डबा फुटतो. थर्माकोलचं झाकण टेपने सगळ्या बाजूंनी चिकटवून सील करू नका. बंद जागेत हा वायू प्राणवायूला बाजूला सारतो, म्हणून विमान कंपनी एका कक्षात किती ड्राय आइस चढवायचा ते ठरवते आणि जिवंत प्राण्यांपासून तो लांब ठेवते. तुमचा माल ऐनवेळी मागे राहिला आणि 'ड्राय आइसची मर्यादा संपली' असं सांगितलं, तर समजा की आणखी कुणाचा तरी तसाच माल आधी बुक झाला होता. बुकिंग करतानाच किलो सांगा.

आंतरराष्ट्रीय हवाई नियमांत हा धोकादायक माल आहे: यूएन १८४५, वर्ग ९, पॅकिंग सूचना ९५४. खोक्यावर वर्ग ९ चं लेबल, यूएन क्रमांक, 'ड्राय आइस' हे नाव आणि निव्वळ वजन किलोत. एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालवाहतुकीच्या पावतीवरही, तेच. आत दुसरा धोकादायक माल नसेल तर धोकादायक मालाचं वेगळं घोषणापत्र भरावं लागत नाही. काउंटरवर तपासणी यादी मात्र भरतात, आणि लेबलवरच्या वजनात काना-मात्रेचा फरक निघाला तरी माल परत येतो.

किती घालायचा? पन्नास लिटरच्या बऱ्या डब्यात चोवीस तासांत दोन ते पाच किलो उडतो, बाहेरची उष्णता आणि डब्याची जाडी यावर अवलंबून. दारापासून दारापर्यंतचे तास मोजा आणि त्यात एक हुकलेलं उड्डाण धरा. मोठे तुकडे हळू उडतात, चुरा झपाट्याने. थर वरून घाला, थंड वायू जड असतो, खाली उतरतो. हातमोजे घाला. भरण्याचं काम बंद खोलीत करू नका.

आणि हो, फक्त गोठवलेल्या मालासाठी. पालेभाजी, फळं, ताजं मांस, पनीर यांच्या शेजारी ड्राय आइस ठेवला की ती जागेवर गोठतात. त्यांना जेल पॅक.

'माझा माल दहा किलो, बिल सोळा किलोचं कसं?'

हवाई भाडं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, ६००० ने भागा. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे आणखी महाग.

समजा डबा बाहेरून ६० × ४० × ४०. गुणाकार ९६,०००, भागिले ६०००, बरोबर १६ किलो. आत पराठ्यांची पाकिटं १० किलो, ड्राय आइस ४, डबा दीड. खरं वजन साडेपंधरा. बिल सोळाचं. आता भिंती पाच-पाच सेंटिमीटर जाड धरल्या तर आतली जागा उरते ५० × ३० × ३०, म्हणजे ४५ लिटर. बाहेरून ९६. अर्ध्याहून जास्त भाडं तुम्ही थर्माकोलचं देता, आणि जो ड्राय आइस पोहोचेपर्यंत हवेत विरतो त्याचंही देता.

यावर उपाय म्हणजे पातळ भिंतीचा स्वस्त डबा नव्हे. अनेक छोट्या डब्यांऐवजी कमी आणि मोठे डबे घ्या, बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो. व्हॅक्यूम इन्सुलेटेड पॅनेलचे डबे पातळ भिंतीतच जास्त वेळ टिकतात, पण ते महाग. परत येण्याची सोय असेल तरच घ्या.

कोणकोणते कागद लागतात?

कायमचे: डीजीएफटीकडचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा क्रमांक) ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार तिथे नोंदवलेला, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), आणि अपेडाच्या (कृषी निर्यात प्राधिकरणाच्या) यादीतला माल असेल तर अपेडाची नोंदणी. मासे-झिंगे असतील तर एमपीडाची (सागरी उत्पादन निर्यात प्राधिकरणाची).

खेपेगणिक: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (सीमाशुल्काकडे भरायचा निर्यातीचा कागद), एअरवे बिल. फळं-भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, प्राणिजन्य मालाला आरोग्य प्रमाणपत्र. आखातासाठी मांसाला हलाल प्रमाणपत्र. ग्राहक मागेल तर मूळ देशाचं प्रमाणपत्र.

एडी कोडची एक गंमत. नागपूरला नोंदवलेला असतो आणि ऐनवेळी माल मुंबईहून पाठवायचं ठरतं. तिथे नोंदणी नसली की शिपिंग बिल अडतं आणि माल ट्रकमध्ये वितळत बसतो. दोन्हीकडे आधीच नोंदवून ठेवा.

वनस्पती तपासणीला अधिकारी खोकी उघडतात. ती तपासणी उन्हात, ओसरीवर करायची नाही; शीतगृहाच्या पुढच्या थंड खोलीत करून घ्या.

अमेरिका, युरोप, आखात: नियम सारखेच का?

अजिबात नाहीत, आणि इथेच लोक सर्वांत जास्त फसतात.

अमेरिकेला खाद्यमाल पाठवणारा कारखाना त्यांच्या एफडीएकडे (अन्न-औषध प्रशासनाकडे) नोंदलेला हवा, तिथे एक एजंट नेमलेला हवा. ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नव्याने करावी लागते. विसरला की ती रद्द समजतात. शिवाय प्रत्येक खेपेची पूर्वसूचना, विमानाने जात असेल तर पोहोचण्याआधी किमान चार तास. नागपूर-आखात-अमेरिका असा प्रवास पुष्कळ तासांचा असल्याने चार तास सोपे वाटतात, पण आम्ही माल इथून उडण्याआधीच ती भरतो. भारतातून तिथे मांस चालत नाही. आंब्याला विकिरण प्रक्रिया लागते. २००७ पासून ती अट आहे. महाराष्ट्रात ती वाशीला आणि लासलगावला होते, म्हणून आंबा मुंबईहूनच उडतो.

युरोपीय संघ प्राणिजन्य माल फक्त मान्य देशांतल्या मान्य कारखान्यांकडूनच घेतो. भारतीय मासळीला तिथे वाट आहे, मांसाला नाही. भाज्या-फळांच्या बाबतीत ते किती कडक होऊ शकतात हे २०१४ मध्ये दिसलं. फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून आंबा, वांगं, कारलं, पडवळ आणि अळू यांवर बंदी घातली. आंब्यावरची पुढच्या वर्षी उठली, भाज्यांना जास्त वाट पाहावी लागली. पॅक हाऊसची, म्हणजे फळं-भाज्या निवडून बांधण्याच्या केंद्रांची, शिस्त तिथूनच घट्ट झाली.

आखातात कागद तुलनेने सुटसुटीत, पण लेबल अरबीतही हवं आणि उत्पादन-समाप्तीच्या तारखा पाकिटावर मूळ छपाईतच हव्यात. वरून चिकटवलेल्या तारखेच्या स्टिकरवर माल अडतो.

एअरवे बिलावर काय लिहून घ्यावं?

तापमानाची नेमकी पट्टी लिहा, 'थंड ठेवावे' एवढं लिहून काही होत नाही. हाताळणीचे संकेत असतात: नाशवंताला पीईआर, फळ-भाजीला पीईपी, मांसाला पीईएम, मासळीला पीईएस, दोन ते आठ अंशांना सीओएल, गोठवलेल्याला एफआरओ, ड्राय आइसला आयसीई. शेडमधला माणूस तुमचं लांबलचक पत्र वाचणार नाही, हे तीन अक्षरी संकेत वाचेल.

पैशाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं: एअरवे बिल म्हणजे मालकीहक्काचा कागद नाही. समुद्राच्या बिल ऑफ लेडिंगसारखा तो बँकेत अडकवून ठेवता येत नाही. ज्याचं नाव माल घेणारा म्हणून लिहिलं त्याला तो मिळतो, पैसे दिले असोत वा नसोत. ग्राहक नवा असेल तर आगाऊ पैसे घ्या, किंवा बँकेच्या संमतीने बँकेचंच नाव घाला. नाशवंत मालात 'पैसे येईपर्यंत माल अडवू' ही धमकी पोकळ असते, दोन दिवसांत अडवण्यासारखं काही उरत नाही.

पोरगं अमेरिकेत आहे, सावजी मटण गोठवून पाठवता येईल का?

नाही, काकू. भारतातून अमेरिकेत मांस चालत नाही हे वर सांगितलंच, आणि तुमचा डब्बा तिथल्या सीमाशुल्काच्या कचऱ्यात जाईल. युरोपीय देशांत घरगुती पार्सलमधूनही मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला-पाठवायला बंदी आहे. संत्रा बर्फीत खवा असेल तर ती दुधाचा पदार्थ धरतात. पाकिटावरची घटकांची यादी वाचा.

पुरणपोळीचं वेगळं दुखणं. पोळी ताजी पाठवली तर वाटेत आंबते, गोठवून पाठवली तर थंडी राखण्याचा खर्च पोळ्यांच्या शंभरपट होतो. सावजी मसाला, भिवापुरी मिरचीचं तिखट, दिवाळीचा कोरडा फराळ यांना थंडी लागत नाही. ते साध्या कुरिअरने, घटकांची छापील यादी लावून जातात. आणि रश्शाचीच आठवण येत असेल तर रिटॉर्ट पाऊच (बंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेलं पाकीट) शोधा. त्यातला शाकाहारी रस्सा खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकतो. नागपुरातल्या एखाद्या खानावळवाल्याने हे मनावर घेतलं तर निम्मी कोल्ड चेन वाचेल, असं आमचं जुनं मत आहे.

कोणत्या वारी पाठवणं चांगलं?

पोहोचण्याचा वार बघा. सौदी, कतार, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी. संयुक्त अरब अमिरातीत, शारजा सोडून, जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. युरोप-अमेरिकेत शनिवार-रविवार. म्हणजे दोह्याला गुरुवारी रात्री पोहोचणारा माल आणि लंडनला शुक्रवारी रात्री पोहोचणारा माल, दोन्ही शेडमध्ये पडून राहण्याचा धोका घेतात. रविवार ते मंगळवारी निघालेला माल बरा. रमजान आणि नाताळच्या आधी जागा आठवडाभर आधी धरा.

नागपुरी संत्रा विमानाने जातो का?

जाऊ शकतो, परवडत नाही, अपवाद वगळता. जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला, चवीला तोड नसलेला, पण किलोमागे किंमत कमी आणि वजन पाण्याचं. सोलायला सोपी ती सैल साल प्रवासात दबते, आणि एका खोक्यात एक सडकं फळ असलं की बुरशी शेजारी पसरते. आखातासाठी रीफर कंटेनरच बरा. मृग बहाराची उत्तम, निवडलेली फळं भेट-पेटीत बांधून आखातातल्या सुपरमार्केटला द्यायची असतील, तर छोट्या विमान खेपेचं गणित जुळू शकतं. काढणीनंतरच्या हाताळणीसाठी अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन या. फोनवर आमच्याशी वाद घालण्यापेक्षा ते फायद्याचं.

एकाच खोलीत संत्री आणि मासे, किंवा पिकते आंबे आणि पालेभाज्या ठेवू नका. पहिल्यात वास लागतो, दुसऱ्यात आंब्याच्या एथिलीनने भाजी पिवळी पडते.

लाकडी पॅलेट चालतो?

उष्णता प्रक्रिया केलेला आणि आयएसपीएम १५ चा (लाकडातून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का असलेला असेल तरच. प्लॅस्टिकचा घ्या, वादच नको.

डेटा लॉगर खरंच लागतो?

लागतो. वाटेतल्या तापमानाची नोंद ठेवणारा तो बोटाएवढा असतो, किंमतही फार नाही, आणि भांडणात तोच साक्षीदार. भिंतीला चिकटवून ठेवू नका, ड्राय आइसला टेकवूनही नाही; मालाच्या मधोमध. मोठ्या खेपेत एक कोपऱ्यात, एक मध्ये. आलेख हाती आला की कुठल्या तासाला पारा चढला ते दिसतं, आणि तो तास एअरलाइनच्या नोंदींशी जुळवला की माल तेव्हा कुणाच्या ताब्यात होता हेही कळतं. लॉगरची घड्याळवेळ भारताची की जागतिक, हे लावतानाच लिहून ठेवा. साडेपाच तासांच्या फरकावर दावे हरलेले पाहिले आहेत.

माल खराब झाला तर भरपाई मिळते का?

मिळते, पण अपेक्षेपेक्षा कमी. माँट्रियल करारानुसार विमान कंपनीची जबाबदारी किलोमागे मर्यादित आहे. डिसेंबर २०२४ अखेरीस ती २२ वरून २६ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) झाली, म्हणजे साधारण तीन हजार रुपयांच्या आसपास. साध्या भाजीला ते पुरे, महाग मालाला अपुरे. त्यातही मालाच्या स्वतःच्या नाशवंत स्वभावामुळे किंवा तुमच्या अपुऱ्या पॅकिंगमुळे नुकसान झालं असं त्यांनी दाखवलं, तर तेही नाही.

मुदती पाठ करा: नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत, दावा दोन वर्षांत. पण प्रत्यक्षात १४ दिवस थांबायचं नसतं. माल घेणाऱ्याने पावतीवरच शेरा मारला पाहिजे, फोटो काढले पाहिजेत आणि सर्वेक्षक बोलावला पाहिजे. 'माल तं पोहोचला भाऊ, पण वितळून' असा फोन चौथ्या दिवशी आला आणि पावतीवर मात्र 'सुस्थितीत मिळाला' अशी सही असली, की हात बांधले जातात.

विमा वेगळा काढा, आणि काढताना दोनच प्रश्न विचारा: तापमान बिघडल्यास भरपाई आहे का, आणि निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान धरता का. सर्वसाधारण पॉलिसीत उशीर वगळलेला असतो.

फोनवर पटकन दर सांगा ना.

सांगतो, पण इतकं हाताशी ठेवा: मालाचं नाव आणि हवं ते तापमान, खोक्यांची संख्या, एका खोक्याची बाहेरून लांबी-रुंदी-उंची, एकूण वजन, ड्राय आइस असेल तर किती किलो, माल किती वाजता आणि कुठून उचलायचा, आणि पोहोचवायचं ते विमानतळापर्यंत की ग्राहकाच्या दारापर्यंत. दारापर्यंत असेल तर तिथला पिन कोड.